मुंबईत नोकरीला येताय? घर ठरवण्याआधी रेल्वेची लाईन बघा

ठाकुर्लीकर

नमस्कार मंडळी,

आमच्या ऑफिसात दरवर्षी नवी मुलं-मुली रुजू होतात. कुणी नांदेडहून, कुणी चिपळूणहून, कुणी नागपूरहून. आल्याआल्या घाईत खोली ठरवतात, डिपॉझिट देऊन टाकतात आणि महिन्याभराने डोळ्यांखाली काळं घेऊन माझ्या टेबलाशी येतात. "सर, नोकरी चांगली आहे, पण प्रवासच झेपत नाही." तोवर अकरा महिन्यांच्या करारावर सह्या झालेल्या असतात. ही वेळ येऊच नये म्हणून हा धागा काढतोय. मी फोर्टला नोकरी करतो, मध्य रेल्वेवर राहतो. पश्चिम आणि हार्बरवाल्यांनी भर घालावी.

माझं सांगणं एवढंच: मुंबईत घर आणि ऑफिस यातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, किती वेळा वाहन बदलावं लागतं ते मोजा.

ठाणे आणि बोरिवली नकाशात अगदी शेजारी दिसतात. मध्ये फक्त नॅशनल पार्कचा डोंगर. पण दोघांना जोडणारी थेट लोकल नाही. घोडबंदर रोडने जा, नाहीतर दादरला जाऊन लाईन बदला. उलट कल्याण सीएसएमटीपासून ५४ किलोमीटर लांब, पण फास्ट लोकलमध्ये एकदा चढलात की एकदाच उतरायचं. लोकलचे मुख्य रस्ते उत्तर-दक्षिण आहेत. पूर्व-पश्चिम जायचं म्हटलं की २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू होईपर्यंत बसशिवाय फारसं काही नव्हतं, आणि आजही बऱ्याच भागांत नाही. म्हणून ऑफिस ज्या लाईनवर, घरही शक्यतो त्याच लाईनवर.

दुसरी गोष्ट. घर बघायला सगळे रविवारी जातात. रविवारी मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद किंवा कमी) असला तरी गर्दी कमी असते, रिक्षा चटकन मिळते, आणि सगळं सोपं वाटतं. टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी, तुमच्या ऑफिसच्या वेळेला, त्या घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन बघा. संध्याकाळी परतही या. यात शंभर-दोनशे रुपये जातील. तेवढ्यात जे कळेल ते कुठलाही ब्रोकर सांगणार नाही.

---

विरारवाली

दुसऱ्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. त्यात एवढंच जोडते की घर स्टेशनपासून किती लांब आहे ते "चालत दहा मिनिटं" या ब्रोकरच्या शब्दावर सोडू नका. आमच्याकडे वसई-विरार पट्ट्यात नवे टॉवर स्टेशनपासून बरेच आत आहेत. सकाळी शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचा वेळ धरला तर लोकलमध्ये वाचवलेली मिनिटं तिथेच जातात.

---

मु_पो_औसा

नमस्कार. मी इथे नवीन. धागा अगदी वेळेवर आला.

मला सीप्झजवळच्या (अंधेरी पूर्वेची औद्योगिक वसाहत) एका कंपनीत क्वालिटीमध्ये नोकरी लागली आहे. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा. हातात अठ्ठावीस हजारांच्या आसपास येतील. गावाकडचा एक मित्र डोंबिवलीला दोघांबरोबर राहतो, तिथे माझ्या वाट्याला साडेचार हजार येतील. दुसरा पर्याय मरोळला पीजी, जेवण धरून अकरा हजार. घरी पैसे पाठवायचे आहेत, त्यामुळे डोंबिवलीकडे ओढा आहे. डोंबिवलीहून सीप्झ रोज जमेल का? मुंबईत मी आजवर फक्त दोनदा आलोय, तेही लग्नाला.

---

ठाकुर्लीकर

औसेकर, अभिनंदन. तुमचाच प्रवास मांडून बघू.

डोंबिवलीतल्या घरापासून स्टेशनपर्यंत चालत किंवा रिक्षा. तिथून फास्ट लोकलने घाटकोपर, साधारण ३५-४० मिनिटं. घाटकोपरला पूल चढून मेट्रो १, मरोळ नाक्याला उतरायचं. तिथून भुयारी मेट्रो ३ पकडली की एमआयडीसी आणि मग सीप्झ. नकाशात हे सुटसुटीत दिसतं, आणि पाच वर्षांपूर्वीपेक्षा आज ते खरंच खूप बरं आहे. पण डोंबिवलीला सकाळी साडेसात-आठच्या फास्टमध्ये चढणं हेच मोठं काम आहे. गाडी कल्याणहून किंवा त्याच्याही मागून भरून आलेली असते. त्यात घाटकोपरला मेट्रोच्या रांगा. दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास धरा, तेही गाड्या वेळेवर असतील तर.

एक बरं आहे की घाटकोपरला फास्ट थांबते. सीएसएमटीहून निघालेली फास्ट भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी थांबत जाते. विक्रोळी, भांडुप, मुलुंडला काहीच फास्ट थांबतात. तुमचं घर किंवा ऑफिस फास्टच्या स्टेशनावर आहे की नाही हे घर बघताना तपासायलाच हवं.

---

बदलापूरकर

मी इथे थोडा वेगळा सूर लावतो. लांब राहणं म्हणजे चूक, असं चित्र या धाग्यात उभं राहतंय. ते बरोबर नाही.

बदलापूर सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटर. मी तिथे स्वतःचा फ्लॅट घेतला, आईवडिलांना गावाहून आणलं. मुलीची शाळा घरापासून चालत. दादरमध्ये त्या पैशात मला एक खोलीही मिळाली नसती. बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, त्यात बसायला मिळतं. आमच्या डब्यात सकाळी भजन असतं, कुणाकडे लग्न असो की दवाखाना, ग्रुपमधले धावून येतात. हजारो कुटुंबांनी असाच विचार करून घरं घेतली आहेत आणि ती मंडळी समाधानी आहेत.

---

ठाकुर्लीकर

बदलापूरकर, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. स्वतःचं घर, आईवडील, शाळा हे सगळं धरून घेतलेला निर्णय वेगळा. तुम्ही एक फार महत्त्वाची गोष्टही सांगितलीत, जिथून गाडी सुटते तिथे राहण्याची. कल्याण, ठाणे, डोंबिवली, बोरिवली, अंधेरी, पनवेल, वाशी इथून सुटणाऱ्या गाड्या आहेत. संध्याकाळी परतताना दादर आणि परळहूनही काही गाड्या सुटतात. दोन स्टेशनं लांब पण सुटणाऱ्या गाडीचं स्टेशन, हा कितीतरी वेळा चांगला सौदा ठरतो.

मी लिहितोय ते एकटे येणाऱ्या, भाड्याने राहणाऱ्या, वर्षभरात कदाचित नोकरीही बदलणाऱ्या मुलांसाठी. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत कामात जीव ओतावा लागतो. तो अर्धा जीव मुंब्रा आणि कुर्ल्याच्या मध्ये खर्ची पडू नये, इतकंच वाटतं.

---

पारिजात_परळ

मी परळच्या एका रुग्णालयात नर्स आहे. पाळ्या बदलत्या, त्यामुळे सगळ्या वेळच्या गाड्या बघितल्या आहेत. नव्याने येणाऱ्या मुलींसाठी लिहिते.

पास काढताना राहत्या स्टेशनचाच काढायला हवा असं नाही. डोंबिवलीच्या कितीतरी बायका कल्याणला उलट जाऊन बसून येतात. तसं करायचं असेल तर पास कल्याणचाच हवा. डोंबिवलीच्या पासावर कल्याणहून बसून येणं म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि टीसीने धरलं की भाडं अधिक किमान २५० रुपये दंड. तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट पडतो, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट. नोकरी पक्की झाली की तिमाही घ्यावा. मासिकाच्या रांगेतून आणि तारखेच्या काळजीतून सुटका होते.

मोबाइलवर पास किंवा तिकीट काढत असाल तर ते स्टेशनात शिरण्याआधी काढा. टीसीला ॲप उघडूनच दाखवावं लागतं, स्क्रीनशॉट चालत नाही. फोनची बॅटरी संपली तर तुमच्याकडे तिकीट नाही असंच धरलं जातं. रात्रपाळी करून परतणाऱ्यांनी पॉवर बँक ठेवावी किंवा सरळ खिडकीवरून छापील पास घ्यावा. मी छापीलच घेते.

लेडीज डबा कुठे येणार हे फलाटावरच्या खांबांवरचे तिरपे रंगीत पट्टे बघून कळतं. फर्स्ट क्लासचेही तसेच असतात. चढल्यावर बसलेल्या बायकांना "कुठे उतरणार?" विचारायचं. जिने "ठाणा" सांगितलं तिची सीट ठाण्याला तुमची. आधी कुणी विचारून ठेवलं असेल तर ती सांगेल. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडला तर अख्खा डबा बोलेल. तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळते. आखडून बसावं लागतं, तरी पाय सुटतात.

रात्री उशिरा लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो. ज्या डब्यात तो दिसेल त्यातच चढा. लोहमार्ग पोलिसांचा १५१२ आणि रेल्वेचा १३९ हे दोन्ही नंबर फोनमध्ये घालून ठेवा. आणि रात्री साधारण एक ते पहाटे चार लोकल नसतात. शेवटची गाडी चुकली तर स्टेशनबाहेर एकटीने रिक्षा शोधत फिरण्यापेक्षा रुग्णालयातच थांबावं, असं मी माझ्या ज्युनिअर मुलींना सांगते.

---

निळी_छत्री

पारिजातताई, फार उपयोगी लिहिलंत. दिव्यांग डब्याबद्दल मी सांगतो, कारण मी त्यातूनच प्रवास करतो.

फलाटावर जिथे हा डबा येतो तिथे बीप-बीप असा आवाज सतत चालू असतो. दृष्टिहीन व्यक्तींना त्यावरून जागा सापडते. या डब्यात गरोदर महिला आणि कर्करोगाच्या रुग्णांनाही परवानगी आहे. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. ते जनरल डब्यात चेंगरत जातात. कुणी नातेवाईक येणार असतील तर कागदपत्रं जवळ ठेवायला सांगा आणि या डब्यातून न्या. बाकीच्या धडधाकट प्रवाशांना कळकळीची विनंती, गाडीला कितीही गर्दी असली तरी या डब्यात चढू नका. तुम्हाला दुसरी गाडी मिळेल. आम्हाला प्रत्येक गाडीत ही एवढीच जागा आहे.

---

विरारवाली

पश्चिम रेल्वेवर नव्या माणसाला सर्वात आधी हे सांगायला हवं: जवळ उतरायचं असेल तर लांबची गाडी पकडू नका.

संध्याकाळी चर्चगेटहून विरार फास्ट उभी दिसते, बोरिवलीला थांबतेही. पण तिच्यात बोरिवलीला उतरायचं म्हणून चढाल तर दरवाजापर्यंत पोचताच येणार नाही, कारण पुढे जाणाऱ्यांनी दार भरलेलं असतं, आणि त्यांचंही चूक नाही. त्यांना अजून बराच वेळ उभं राहायचंय. बोरिवलीवाल्यांनी बोरिवली गाडी घ्यावी, अंधेरीवाल्यांनी अंधेरी. मध्य रेल्वेवरही तेच. दादरहून घाटकोपरला जायला कर्जत-कसारा कशाला?

उतरण्याची तयारी आधीपासून. चर्चगेटकडे येताना दादरला उतरायचं तर अंधेरी गेलं की दाराकडे सरकायला लागा. पुढच्या माणसाला "दादर?" एवढंच विचारायचं. तो हो म्हणाला तर त्याच्या मागे शांत उभं राहा, नाही म्हणाला तर त्याच्यापुढे जायला वाट मागा. पाठीवरची बॅग पुढे घ्या. यात खिसेकापूपासून रक्षण होतं आणि मागच्याला श्वास घ्यायला जागा राहते.

---

ठाकुर्लीकर

कर्जत-कसाऱ्याचा विषय निघालाच आहे तर इंडिकेटरवरची अक्षरंही सांगून टाकतो. मध्य रेल्वेवर के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे, ए अंबरनाथ, एन म्हणजे कसारा, एस म्हणजे कर्जत. कल्याणनंतर दोन फाटे फुटतात. बदलापूरला जाणारा चुकून कसारा गाडीत बसला तर थेट टिटवाळ्याच्या बाजूला निघतो. दादरला पूर्वी दोन्ही रेल्वेंचे फलाट स्वतंत्रपणे एकपासून मोजायचे, त्यात नवा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर २०२३ पासून सलग क्रमांक आहेत: १ ते ७ पश्चिम, ८ ते १४ मध्य.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. दारात लटकू नका. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारातली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, जीव गेले. त्यात कामावर निघालेली माणसं होती. गाडी सोडली तर लेट मार्क लागेल. लागू दे. नव्या मुलांना वाटतं, पहिल्याच महिन्यात उशीर झाला तर साहेब काय म्हणेल. मी स्वतः लोकांचे लेट मार्क बघणारा माणूस आहे. मुंबईतल्या कुठल्याही वरिष्ठाला लोकल म्हणजे काय ते समजतं. ज्याला समजत नाही त्याच्याकडे फार दिवस नोकरी करू नये.

शक्य असेल तर रुजू होतानाच एचआरला विचारा, वेळ अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे करून मिळेल का. मध्य रेल्वेनेही मुंबईतल्या कार्यालयांना वेळा बदलण्याची विनंती केली होती. साडेदहाच्या ऑफिसला जाणारा आणि साडेनऊच्या ऑफिसला जाणारा यांचा प्रवास एकाच गाडीचा वाटतच नाही, इतका फरक पडतो.

---

कुर्ला_टू_बीकेसी

बीकेसीवाल्यांसाठी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात ऑफिस असणाऱ्यांसाठी. आधी आमच्याकडे वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनला उतरून शेअर रिक्षा किंवा बेस्ट, हेच दोन मार्ग होते. आता मेट्रो ३ चं स्टेशन बीकेसीतच आहे. ही लाईन आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून पार कफ परेडपर्यंत जाते. एकूण ३३.५ किलोमीटर, भाडं १० ते ७० रुपये. मध्य रेल्वेने येऊन नरिमन पॉइंटला जाणाऱ्यांना याचा मोठा आधार झाला आहे. सीएसएमटीला उतरून तिथूनच खाली मेट्रो घ्यायची, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि मग विधान भवन. टॅक्सीच्या रांगेत उभं राहायला नको.

फक्त स्टेशनं खोल आहेत. फलाटापासून रस्त्यावर यायला सरकते जिने धरूनही काही मिनिटं जातात, ती वेळ हिशोबात धरा. आणि दादरचं मेट्रो स्टेशन दादर लोकल स्टेशनला लागून नाही, थोडं चालावं लागतं.

---

मु_पो_औसा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं तपशिलात कुणी सांगितलं नव्हतं. माझी मोटरसायकल आहे, एमएच २४ ची. ती आणली तर? आणि रिक्षाचं भाडं कसं असतं?

---

कुर्ला_टू_बीकेसी

नंबर बदलायची गरज नाही, राज्य तेच आहे. पण मरोळ-सीप्झ-साकीनाका भागात कार्यालयाच्या वेळेला दुचाकीसुद्धा मुंगीच्या पावलाने जाते, आणि पीजीत पार्किंग मिळेलच असं नाही. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. पहिले तीन महिने गाडी गावीच ठेवा.

रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, टॅक्सीचं ३१. दीड किलोमीटरपर्यंत तेवढंच. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पाव पट जास्त. मीटर टाकायला सांगायचं, नाही म्हणाला तर पुढची बघायची. रिक्षा फक्त उपनगरात, वांद्रे आणि शीवपर्यंत. त्याच्या दक्षिणेला टॅक्सी. बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट १० रुपये आणि एसीचं १२. सीप्झकडे कांजूरमार्ग आणि जोगेश्वरी दोन्हीकडून बस आहेत, जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड).

---

शिक्कामोर्तब

मी भाडेकरारांच्या नोंदणीचं काम करतो, तेव्हा त्या बाजूचं लिहितो. औसेकर, पीजी असो वा फ्लॅट, पैसे देण्याआधी कागद बघा.

आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठराविक मुदतीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ तेच सांगतं. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. महापालिका क्षेत्रात नोंदणी फी १००० रुपये. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, ते पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर. म्हणजे साध्या फ्लॅटला ही रक्कम फार नसते. खर्च कुणी करायचा हे आधी बोलून घ्या. आता नोंदणी ऑनलाइन, बोटांचे ठसे देऊन घरबसल्या होते, त्यामुळे "नंतर करू" याला काही कारण नाही.

तीन-चार मित्र एका फ्लॅटमध्ये राहत असतील तर करारात सगळ्यांची नावं असली पाहिजेत. इथेच सर्वात जास्त तंटे होतात. ज्याचं नाव आहे तो नोकरी बदलून पुण्याला जातो, मालक म्हणतो मी बाकीच्यांना ओळखत नाही, आणि डिपॉझिट तिसऱ्याच्याच खात्यात परत जातं. औसेकर, डोंबिवलीच्या मित्राकडे गेलात तर हे आधी विचारा. डिपॉझिट नेहमी बँकेतून द्या. राहायला जाताना विजेच्या मीटरचा, भिंतींचा, नळांचा फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते, ती कळवली का ते मालकाला विचारा.

आणि पाणी! पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, टाकी आहे का, हे ब्रोकरला न विचारता शेजारच्या घरात विचारा. सकाळी सव्वासातला निघणाऱ्याच्या घरी आठला पाणी येत असेल तर ते घर त्याच्या कामाचं नाही.

---

नवी_पनवेल

पाण्याच्या मुद्द्याला +१. हार्बरचं एक वाक्यात सांगते: पनवेलहून सुटणाऱ्या गाड्या भरपूर आहेत, ठाण्याला ट्रान्स-हार्बरने थेट जाता येतं, पण अंधेरी-सीप्झला रोज जायचं असेल तर नवी मुंबईत घर घेऊ नका.

---

पारिजात_परळ

पावसाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून पुन्हा आले. औसेकर दुष्काळी भागातून येताय, हे नीट वाचा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा रोज होत नाही, पण दर पावसाळ्यात काही दिवस लोकल बंद पडते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी समुद्रात जायला वाव राहत नाही. हिंदमाता, शीव, कुर्ला, अंधेरीचा सबवे, मिलन सबवे ही ठिकाणं आधी भरतात. भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात, त्या बघायची सवय लावून घ्या. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर घरून काम मागा. ऑफिसात अडकलात तर तिथेच थांबा, रुळांवरून चालत निघू नका. ऑफिसात एक जोडी कपडे, चपला आणि बिस्किटं ठेवून द्या. पालिकेचा आपत्कालीन नंबर १९१६.

साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, विशेषतः पायाला जखम असेल, तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून वेळेत घ्यायची औषधं असतात. ताप यायची वाट बघत बसलेले तरणेताठे पेशंट आमच्याकडे आयसीयूत येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. गोळी कुठली आणि किती हे डॉक्टरांनाच ठरवू दे, मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

---

बदलापूरकर

पारिजातताई, ही माहिती आमच्या डब्याच्या ग्रुपवर पाठवतो. औसेकर, तुमच्या प्रश्नावर माझं मत: तुम्ही डोंबिवलीत राहू नका. मी लांब राहण्याच्या बाजूचा माणूस आहे, पण तुमच्या पगारात वाचणारे साडेसहा हजार पूर्ण वाचत नाहीत. रेल्वेचा पास, दोन मेट्रो, स्टेशनची रिक्षा, बाहेरचं जेवण यात निम्मे जातील.

---

ठाकुर्लीकर

माझाही कौल तोच. पण पीजी आणि डोंबिवली याखेरीज तिसरा पर्याय आहे. असल्फा, जागृती नगर, साकीनाका या मेट्रो १ च्या स्टेशनांच्या आसपास शेअरिंगच्या खोल्या मिळतात. मेट्रो घाटकोपरहून भरून येते, तेव्हा सकाळी असल्फाला बसायला मिळणार नाही, पण मरोळ नाक्यापर्यंत उभंच राहायचंय आणि डबा थंड असतो. साकीनाक्याहून तर एकच स्टेशन. दिवसाचे दोन-अडीच तास वाचतात. त्यात नवीन काम शिका, झोपा, संध्याकाळी एखादा कोर्स करा. घरी पैसे पाठवायचे आहेत म्हणालात. मग लवकर पगारवाढ मिळणं तुमच्या घरासाठी जास्त मोलाचं आहे, आणि ती ताज्या डोक्याने काम केलं तर मिळते.

जेवणासाठी पोळी-भाजी केंद्र शोधा. मुंबईत जवळपास प्रत्येक उपनगरात घरगुती डबा देणाऱ्या ताई असतात. महिन्याचा दर ठरवण्याआधी आठ दिवस रोजच्या पैशांनी जेवून बघा.

---

मु_पो_औसा

ठरलं. काल मुंबईत येऊन गेलो. ठाकुर्लीकर काकांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी आठला डोंबिवलीहून निघून बघितलं. पहिल्या गाडीत चढताच आलं नाही. दुसऱ्या गाडीतल्या एका आजोबांनी हात धरून आत घेतलं आणि घाटकोपर यायच्या आधी स्वतः दाराशी आणून उभं केलं. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

दुपारी साकीनाक्याला एक खोली बघितली. कंपनीतलाच एक मुलगा बीडचा आहे, दोघांत मिळून चौदा हजार. पाणी सकाळी सहाला येतं, शेजारच्या काकूंना विचारून खात्री केली. मालक नोंदणीला तयार आहे. शिक्कामोर्तब सर, दोघांची नावं करारात घालायला सांगितलं. पगारातून २०० रुपये व्यवसाय कर कापतात असं एचआरने सांगितलं, ते बरोबर आहे का?

---

शिक्कामोर्तब

बरोबर. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. करारातल्या मुदतीआधी खोली सोडायची असेल तर किती दिवसांची नोटीस, आणि लॉक-इन (ठराविक महिने खोली सोडता येत नाही अशी अट) आहे का, ती ओळ सही करण्याआधी वाचा.

---

विरारवाली

खूप शुभेच्छा, औसेकर! साकीनाका ते सीप्झ रविवारी एकदा चालत जाऊन रस्ता बघून ठेवा. मेट्रो बंद पडली किंवा पाणी भरलं तर तोच रस्ता लागेल.